तीन पाण्यांची मासोळी

फोन कानाशी नीट धर वं. सख्ख्या बहिणीची खुशाली विचारत नाहीस, आणि काटोलभर सांगत फिरतेस की मी नातीचा अभ्यास मांजरीले खाऊ घातला. सगळा नव्हता. तिसरा हिस्सा होता.

झालं असं. नात कॉलेजात मासोळीच्या अंगातले किडे शिकते. कोणत्या पाण्यातल्या बारीक मासोळीत कोणता किडा निघतो, हे तिले सोमवारी मॅडमले लिहून द्यायचं होतं. नाही दिलं तर वर्ष जात होतं. शनिवारी ती तीन डबे घेऊन आली. एकात सक्करदऱ्याच्या तळ्यातली मासोळी, एकात सावनेरकडच्या नाल्यातली, एकात धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यातली. डबे मोरीजवळ ठेवले आणि आंघोळीले गेली.

आता आपल्या घरची रीत तुले ठाऊक आहे. मासोळी आणणाऱ्याने साफ करायची नाही. पोर थकून आली, तिचं डोकं धुऊन होईस्तोवर मी पावशीच्या पात्यापुढे बसली. खवले काढले, डोकी उडवली, पोटं साफ केली.

पण वेगवेगळ्या पाण्याची मासोळी मी एकत्र करत नाही. तळ्यातलीले चिखलाचा वास, तिले मीठ दोनदा लागते. नाल्यातलीले एकदा पुरते. म्हणून घाणही तीन ताटल्यांत वेगळी निघाली. तळ्याची ताटली दाराशी होती. मांजर दाराशीच असते.

नात ओले केस घेऊन आली आणि ताटल्या पाहून खालीच बसली.

"आजी, किडे आतड्यात अन् कल्ल्यातच असतात."

"मले माहीत आहे. म्हणूनच तर फेकते."

"विचारलं काहून नाही?"

"मासोळी साफ करू का, असं कोणी विचारते का वं?"

रडली नाही. भिंग काढलं आणि उरलेल्या दोन ताटल्या घेऊन बसली. नाल्याच्या ताटलीत शेवईसारखा पांढरा किडा निघाला. बांधीतलीच्या कल्ल्यांना बारीक बारीक चिकटलेले निघाले. असले मी जन्मभर नखानं काढून टाकले. तिनं त्यांची नावं सांगितली, ती किड्यांच्याही ध्यानात राहायची नाहीत.

तळ्याची राहिली. रविवारी सकाळी दोघी तळ्यावर गेलो. जाळेवाल्याच्या टोपल्यापुढे बसून मी सवयीनं चकचकीत मासोळी निवडू लागली.

"आजी, निवडू नको. हाताले येईल ते घे."

"हिच्या अंगावर काळे ठिपके आहेत."

"असू दे."

"ही तर मरतुकडी आहे."

"तीही घे."

जाळेवाला म्हणे, "मावशी, तब्येत बरी आहे ना?"

शेवटी मी डोळे मिटून हात घातला.

घरी पावशी तिनेच घेतली. मी दार लावून ताटली धरली. ते काळे ठिपके म्हणजे गोगलगायीतून आलेला किडा, मासोळीच्या चामडीत घर करून राहिलेला. संध्याकाळपर्यंत टोपलंभर मासोळी तपासून झाली.

सोमवारी वही गेली. तळ्याची मासोळी एक दिवस उशिराची काहून, हे नातीनं खरंखरं लिहिलं होतं: पहिली मासोळी घरी साफ झाली. मॅडमनं खाली लाल पेनानं लिहिलं, पुन्हा घरी नेऊ नये. पण वही घेतली. वर्ष वाचलं.

पुढच्या खेपेले डबे घेऊन ती माझ्याकडेच आली. म्हणे, "आजी, पाणी वेगळं ठेवणं तुलेच जमते."

आता दर रविवारी आम्ही दोघी तेच करून राहिलो. तू सकाळची बस धर अन् ये वं लवकर. येताना मासोळी तेवढी आणू नको, इथं आधी लिहून घ्यावी लागते, मग कालवण.