काटे बसवणारी भिंगरी

तिच्या पायाला भिंगरी लागली आहे, असं आई लहानपणी सगळ्यांना सांगायची. पुढे बोलण्यातला पाय गळून पडला आणि नाव नुसतं भिंगरी राहिलं. खरं नाव सही करतानाच काय ते आठवायचं. जेवताना उठायची, बोलता बोलता निघून जायची, अर्ध्या वाक्यावर खिडकीशी आणि उरलेल्या अर्ध्यावर दाराशी. नवराही ट्रक चालवणारा मिळाला. तो घरी आला की आडवा व्हायचा आणि ही त्याच्या उशापायथ्याशी येरझाऱ्या घालायची. "आपल्या दोघांत रस्ता जास्त कोणी तुडवला ते एकदा मोजायला हवं," असं तो डोळे मिटूनच म्हणायचा.

अशी बाई घड्याळाच्या दुकानात टिकेल, असं कोणाला वाटलं नव्हतं. दुकान तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं. दादा म्हणजे बूड टेकलं की टेकलं. सकाळी डोळ्याला भिंग लावायचा तो दुपारच्या जेवणालाच काढायचा. बहीण रिकामी राहिली तर घर डोक्यावर घेईल, म्हणून वहिनीनंच तिला दुकानात धाडलं. दादानं तिला चाकं आणि स्प्रिंगा दिल्या नाहीत. ते सगळं संध्याकाळी जमिनीवर रांगत शोधावं लागलं असतं. त्यानं तिला काटे दिले.

काटे काढायचे, सरळ करायचे, पुन्हा बसवायचे. तबकडीवर ओरखडा पडू नये म्हणून आधी खाली कागद सरकवायचा, मग दोन बारीक तरफांनी काटा दोन्हीकडून सारखा उचलायचा. बसवताना आधी तासकाटा, त्यावर मिनिटकाटा, दोन्ही बरोबर बारावर, आणि दोघांच्या मध्ये श्वास घेण्यापुरती जागा. ती जागा राहिली नाही तर काटे एकमेकांना अडकतात आणि घड्याळ थांबतं. "याचे रोज बाराला बारा वाजतात," असं म्हणत गिऱ्हाइकं यायची, ती याच दुखण्याची. भिंगरीचे पाय टेबलाखाली सतत हलत असायचे. पण चिमट्यात काटा आला की पाय थांबायचे, श्वासही थांबायचा. काटा बसला की पुन्हा सगळं सुरू. दादा हे तिरक्या नजरेनं बघायचा.

त्या वर्षी वादळात बाजारातल्या कुठल्याशा दुकानाचा पत्रा उडाला आणि बाजाराच्या मनोऱ्यावरच्या घड्याळावर आदळला. मिनिटकाटा कोपरातून मोडलेल्या हातासारखा वाकला. दादा मनोऱ्याच्या पहारेकऱ्याला घेऊन वर गेला आणि दोन्ही काटे काढून खाली घेऊन आला. मिनिटकाटा त्याच्या खांद्याला लागेल एवढा लांब. तो दुकानात आडवा ठेवला, तेव्हापासून येणारा-जाणारा त्याला ओलांडून जायला लागला. दादानं त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. थकलाय, असं सगळ्यांना वाटलं.

भिंगरीनं काटा ठोकून सरळ केला. वाकलेल्या जागी काट्याचा पत्रा कमकुवत झाला होता, तिथे आतून ठिगळ लावून रिव्हेट मारले, काळा रंग दिला. काम झालं. आणि दादा काही वर जाईना.

आधी रंग ओला होता. मग वारा होता. वारा पडला तेव्हा गुडघा दुखायला लागला. बाजारातले लोक दुकानात डोकावून विचारायचे. मनोऱ्यावरची बिनकाट्यांची तबकडी बघून एकानं तर विचारलं, की घड्याळाला मुंडावळ्या बांधून ठेवलंय का, मुहूर्तासाठी? दादा मान वर न करता म्हणायचा, होईल. भिंगरीला मात्र आतून मुंग्या चावत होत्या. सकाळी दुकानात येताना ती मनोऱ्याकडे बघायची, जाताना बघायची. झालेलं काम जमिनीवर पडून आहे, ही गोष्ट तिला घशात काटा अडकल्यासारखी वाटायची. तिनं भुणभुण लावली. एकदा दादानं चिमटा टेबलावर आपटला आणि म्हणाला, तुझी ती कायमची घाई माझ्या डोक्यावर नाचवू नकोस. आयुष्यात त्यानं तिच्यावर आवाज चढवला तो पहिल्यांदा. शिवाय, इतकी वर्षं जागचा न हलणारा माणूस आता उगाच उठायला लागला होता. दारापर्यंत जायचा, परत यायचा. एका घरात दोन भिंगऱ्या झाल्या, असं वहिनी म्हणाली, पण हसली नाही.

शेवटी भिंगरी कोणाला न सांगता मनोऱ्यावर गेली. पहारेकऱ्यानं किल्ली दिली आणि तिच्यामागून जिना चढला. वर, घड्याळाच्या यंत्राशेजारी एक खिडकी होती. तिच्यातून बाहेर पडलं की तबकडीच्या खाली हातभर रुंदीचा दगडी सज्जा. पहारेकरी खिडकीशी थबकला, खाली बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, दादांना परत इथं पाठवू नका."

मग त्यानं सांगितलं. दादानं काटे काढले ते नीट काढले, एकेक करून आत दिले. आणि मग त्याला परत येता येईना. भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला, डोळे मिटले आणि पायच हलेनात. पहारेकऱ्यानं हाका मारल्या, दादा ऐकत होता, पण जागचा हलत नव्हता. शेवटी पहारेकऱ्यानं अर्ध्यापर्यंत बाहेर पडून त्याचा पट्टा धरला आणि ओढून आत घेतला. हे कोणाला बोलायचं नाही, असं दादानं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं.

भिंगरी जिना उतरली ती धडधडत. तिच्या पोटात कधी काही राहिलं नव्हतं; ऐकलेली गोष्ट ती दारातच ओरडून सांगायची. पण दुकानात आली आणि दादाची पाठ दिसली, तेव्हा आल्यापावली परत फिरली. ती दोनदा बाहेर जाऊन आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "दादा, वर मी जाते. तू आतून यंत्र सांभाळ."

दादा म्हणाला, "तुला सपाट जमिनीवर उभं राहता येत नाही."

"नाही येत. पण तिथं काटा हातात असेल ना."

त्यानं भिंग काढलं. बराच वेळ पुसत बसला. तिला सगळं कळलंय हे त्याला उमगलं, आणि त्याला उमगलंय हे तिलाही. शेवटी तो काट्याकडे बघत म्हणाला, "पाय माझे नव्हतेच गं त्या वेळी. दगडाचे झाले होते. मला वाटलं, आता इथंच राहायचं."

तिनं दोर शोधून आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं वर गेली. दादानं तिच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक तुळईला गुंडाळून हातात धरलं आणि गाठ इतक्या वेळा तपासली की पहारेकरी कंटाळून बसला. भिंगरी सज्ज्यावर उतरली. टेबलाखाली हलायचे तसे पाय इथंही हलत होते. खाली भाजीवाल्यांच्या छत्र्या, माणसांची डोकी, आणि सगळं संथपणे हलतंय असं वाटत होतं. तिनं खाली बघणं सोडून दिलं. पहारेकऱ्यानं तासकाटा खिडकीतून बाहेर दिला. दादानं एका हातानं आतून चाक फिरवून दांडा बाराला आणला आणि ओरडून सांगितलं. काटा दांड्याभोवतीच्या नळीवर सरकवताना तिचे पाय थांबले. मग मिनिटकाटा. तो वाऱ्यानं फिरायला बघत होता. तिनं तो छातीशी धरला, दांड्याच्या चौकोनी टोकावर बसवला, नट आवळला, खीळ घातली. दोन्ही काट्यांमधून बोट फिरवून जागा आहे ना ते बघितलं. आणि आत शिरल्यावर मात्र तिला यंत्राच्या चौकटीवर बसवावं लागलं. दादा अजून दोर धरूनच उभा होता.

घड्याळ चाललं. बाजारानं मान वर करून बघितलं आणि आपापल्या कामाला लागला. भिंगरीला तेवढ्यावर चैन पडेल तर ना. ती दिवसभर दुकानातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून दुकानात. आणि तिला दिसलं, की बारावरून खाली सहाकडे येताना मिनिटकाटा जरा पुढे पळतो, आणि पुन्हा वर चढताना मागे रेंगाळतो. तासाच्या ठोक्याला कसाबसा जुळतो. इतर कोणाच्या लक्षात आलं नसतं. तिनं दादाला बाहेर बोलावून दाखवलं.

"ठिगळ," ती म्हणाली. "माझ्या ठिगळाचं वजन. काटा टोकाकडे जड झालाय."

दादानं उन्हात डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग तो हसला; कितीतरी दिवसांनी. काट्याच्या शेपटीत, दांड्यापलीकडच्या आखूड टोकात, शिसं भरायला हवं, म्हणाला, म्हणजे दोन्ही बाजू तोलतील. ते त्यालाही आधी सुचायला हवं होतं. त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं आणि तिला काम संपवायची घाई झाली होती. चूक दोघांत वाटून घेण्यासारखी होती.

म्हणून काटा पुन्हा काढला, शेपटीत शिसं ओतलं, आणि दोघं पुन्हा मनोऱ्यावर चढली. या वेळी दोर पहारेकऱ्याच्या हातात दिला होता. दादा खिडकीशी आला. सज्ज्यावर त्यानं पाऊल ठेवलं नाही, ठेवणारही नव्हता. पण काटा त्यानं स्वतः बाहेर दिला, कोपरापर्यंत हात बाहेर काढून, नजर फक्त तिच्या चेहऱ्यावर ठेवून. हाताला घाम फुटला होता; काट्याच्या नव्या रंगावर बोटांचे ठसे उमटले.

"धरलास?" त्यानं विचारलं.

"धरला. सोड आता."

त्याला सोडायला जरा वेळ लागला. तिनं घाई केली नाही.

त्या संध्याकाळी दादानं वहिनीला सगळं आपल्या तोंडानं सांगितलं. पुढे आसपासच्या गावांतून कारखान्यांच्या, शाळांच्या उंचावरच्या घड्याळांची कामं यायला लागली, तेव्हा दादा सरळ सांगायचा, की ते काम माझी बहीण करते, मला उंची सोसत नाही. भिंगरी पिशवीत पाने, पकडी आणि दोर घालून निघायची. शिडीवर चढेपर्यंत ती खाली येरझाऱ्या घालायची, उतरल्यावर पुन्हा घालायची. एकदा नवऱ्यानं तिला ट्रकमधून एका शाळेपाशी सोडलं आणि खाली उभं राहून विचारलं, भीती वाटत नाही का? ती वरून ओरडली, वाटते की, आणि पाना मागितला.