टाकी फुल आहे!

धरण आटतं, किस्से आटत नाहीत. दुष्काळाची सालं होती, शहर मात्र चहूकडं पसरत होतं. रिटायर झाल्यावर मी आमच्या कॉलनीच्या पाणी सोसायटीचं दप्तर सांभाळायला लागलो, आणि जे पाहिलं त्यातून अजून सावरलेलो नाही!

*

टाकीवर नजर ठेवायला कॉलनीतल्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं, सचिननं, टाकीत सेन्सर लावून सॉफ्टवेअर बसवलं. स्क्रीनवर 'फुल' आलं की टाकीत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप बंद. चूक झाली तर पाण्याच्या पुढच्या पाळीपर्यंत कॉलनी कोरडी. आणि हे सगळं उभं दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या तयार तुकड्यांवर! प्रत्येक तुकड्याची व्हर्जन्स पुन्हा निराळी.

"कुठलं घेतलंस?"

"काका, लेटेस्ट! कालच आलंय."

काल जन्मलेल्या पोराला आज राखणीला बसवलं!

*

लेटेस्टनं पहिल्याच पाळीला सांगितलं, टाकी दीडशे टक्के भरली! अख्खा मराठवाडा टँकरमागं पळतोय आणि आमच्याकडं महापूर! सोसायटीच्या अध्यक्षा द्वारकाबाई, माहेर देवगाव रंगारीचं, शिडी चढून टाकीत डोकावल्या.

"आरं सचिन, हितं तर तळ दिसतोय!"

*

घाबरून सचिननं जुन्यात जुनं व्हर्जन बसवलं. त्याला नवा सेन्सर ओळखूच येईना. स्क्रीन दिवसभर मौनात.

"निदान खोटं तर बोलत नाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

*

मग द्वारकाबाईंनीच कायदा केला. "शहागंजाच्या बाजारात मडकं वाजवून घेतो का नाय? तसं घ्या."

ऑफिसच्या गच्चीवर ड्रम ठेवला, त्यात सेन्सर. व्हर्जन आधी ड्रमवर चालवायचं, टिकलं तर टाकीला. ड्रम रोज भरायचं काम शिपाई रफीकभाईंचं.

एका दुपारी अलार्म कोकलला. सचिन नाचायलाच लागला, "गळती पकडली!"

रफीकभाई म्हणाले, "गळती काहे की? कूलर में डाला मैंने!"

*

शेवटी ना फार नवं, ना फार जुनं, असं एक व्हर्जन ठरलं. सचिननं ड्रमवरची सेटिंग, सेन्सरच्या नंबरासकट, जशीच्या तशी उचलून टाकीच्या कामाला लावली. "आता कुणी हात लावायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंच्या नातीचं बारसं, पाहुणे येऊन उतरलेले. पाळी सुरू झाली. बघता बघता स्क्रीनवर 'फुल'. व्हॉल्व्ह बंद. आम्ही टाळ्या वाजवल्या!

थोड्या वेळानं द्वारकाबाई रिकामी कळशी घेऊन दारात. "नळाला नुसती हवा! बाळंतिणीला काय पाजू, तुझं व्हर्जन?"

सचिन पांढराफटक. "काकू, व्हर्जन बरोबर आहे! महिनाभर ड्रमवर..."

बोलता बोलता त्यानं मान वर करून गच्चीकडं पाहिलं.

तेवढ्यात रफीकभाई पाईप गुंडाळत गच्चीवरून उतरले.

"साब, आज भी पूरा फुल भर दिया मैंने!"