कमानीवरची डाव्या पिळाची दोरी

कुमेनोकाकूंनी उभा जन्म पेंढा कुटण्यात घालवला आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. डोंगरावरच्या देवळाच्या लाकडी कमानीला वर्षाअखेरीस पेंढ्याची जाड दोरी चढते. ती वळायची पुरुषांनी. काकूंचा नवरा तात्सुझो होता तोवर तोच त्यांचा म्होरक्या. बायकांनी भात हिरवं असतानाच कापायचं, सावलीत वाळवायचं, लाकडी मोगरीने कुटून मऊ करायचं आणि चहा द्यायचा. पेंढ्याचा रंग जरा उतरला तरी काकू अख्खी पेंढी भिरकावून द्यायच्या. "हे पिवळं पडलेलं तुमच्या गोठ्याला बांधा," हे ऐकून घेतलं नाही असा पुरुष गावात नव्हता.

तात्सुझो गेला, पोरं ओसाकाला गेली, शेजारची घरंही एकेक करून बंद झाली. यंदा पानगळीच्या दिवसांत बैठक भरली, तेव्हा देवळाचे कारभारी इवासाबुरो सरळच म्हणाले, "वळायला माणसं कुठायत? शहरात नायलॉनची तयार दोरी मिळते. एकदा लावली की बरीच वर्षं बघायला नको."

काकूंनी चहाचा पेला आपटला. "भावजी, दोरी नायलॉनची आणताय, तर मग नैवेद्यही मेणाचा ठेवा. तोही बरीच वर्षं टिकेल."

सगळे खो खो हसले. इवासाबुरोंचे कान लाल झाले. "बोलणं सोपं आहे, वहिनी. वळणार कोण? तू?"

"मी वळेन."

"बायकांनी कधी वळलीय?"

"वळू नये असं देवानं तुमच्या कानात सांगितलं असेल. मला तो काही बोललेला नाही."

अखेर ठरलं ते असं: दोरी धड झाली तर पुढेही गावातच वळायची. बिघडली, तर नायलॉन, आणि काकूंनी त्यावर चकार शब्द काढायचा नाही. काकू तावातावाने हो म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांना घरी जेवण गेलं नाही.

वर्ष सरत आलं आणि बर्फ पडू लागलं, तेव्हा देवळाच्या पडवीत पाच-सहा म्हातारी डोकी जमली. तीन पेड वेगवेगळे वळून मग एकमेकांत गुंफायचे. एका पेडावर काकू आणि शेजारची तोमिए बसल्या. घरातल्या दोरीचा पीळ उजवा, देवाच्या दोरीचा डावा. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण तोमिएने सुनेच्या तक्रारी काढल्या. सून म्हणे लोणचंसुद्धा दुकानातून आणते. काकू रंगात आल्या आणि हात आपल्या सवयीने चालत राहिले. लोणच्याचे मुळे टांगून वाळवायला जन्मभर जशी सुतळी वळली, तसेच.

पेड गुंफायला घेतले आणि दोरी मध्येच सैल पडू लागली. गुडघ्यांनी बेजार झालेला हिसाकिची वाकून बघत म्हणाला, "हा एक उजवा झालाय. कुणाचा हा?"

इवासाबुरो खांबापाशी हाताची घडी घालून उभे होते.

तोमिए काकूंच्या कानाशी लागली. "आतल्या अंगाला दाबून टाकू गं. एवढ्या वर चढल्यावर कुणाला दिसतंय?"

काकूंनी वर कमानीकडे पाहिलं. दाबून टाकला असता तर खरंच कुणाला दिसलं नसतं, आणि पैजही जिंकली असती. पण असल्या दोरीखालून मान लववून देवापुढे जायचं, हे त्यांच्याने होणारं नव्हतं.

"माझा आहे," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मुळ्यांची सुतळी वळलीय मी. सोडा सगळं."

आता कारभारी सूड उगवणार, म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले. इवासाबुरोंनी हातमोजे काढले, कण्हत कण्हत त्यांच्यासमोर बसकण मारली आणि पेडाचं टोक मुठीत धरलं.

"म्होरक्या झाला त्या पहिल्या वर्षी तात्सुझोनं अख्खी दोरीच उजवी वळली होती. वर चढवल्यावर कळलं. सगळी उतरवून पुन्हा वळली आम्ही. घरी बोलला नसेल."

"एका शब्दानं नाही! आणि मला जन्मभर शिकवत होता मेला!" काकू डोळे पुसायला लागेपर्यंत हसल्या. "धरा नीट. ओढ द्या. म्हातारे झालात काय?"

अंधार पडायच्या आत दोरी वर चढली. हिरवी, भरदार, डाव्या पिळाची.

नव्या वर्षाच्या सकाळी शहरातून आलेला एक पाहुणा कमानीखाली थबकला. "केवढी सुरेख! कुठून मागवलीत?"

"मागवली?" इवासाबुरोंनी छाती पुढे काढली. "आमच्या गावात दोरी मागवत नाहीत. या आमच्या कुमेनोवहिनींनी वळलीय."

"आणि त्यातला एक पेड दोनदा वळलाय," काकू मागून ओरडल्या, "तेही सांगा त्यांना!"