थांबले की थांबलो

बाईचं बाईवर प्रेम, असा विषय म्हटल्यावर तुम्ही एक तर चष्मा पुसला असेल, नाहीतर कोणी आसपास आहे का बघितलं असेल. दोन्ही नको. यात कोणी पळून जात नाही, कोणी विष घेत नाही. यात फक्त एक क्रियापद आहे, आणि ते मी मोडलं.

हडपसरला आयटी पार्क नवीन झाले होते. मी विदर्भातून येऊन तिथल्याच एका कॉल सेंटरला चिकटलो होतो. राहायला नारायण पेठेत. शेजारच्या फ्लॅटमधल्या ताई रविवारी बायकांचा वाचनगट घ्यायच्या. मी नकला छान करतो म्हणून मला प्रवेश होता, चहासकट.

ताईंचा सिद्धांत साधा होता. "प्रेमाच्या कवितेत 'तू आलीस' दिसलं, की वाचणारा लगेच बोलणाऱ्याला मिशा चिकटवतो. बोलणारी बाई असू शकते हे त्याच्या गावीच नसतं."

त्या रविवारी ताईंचा घसाच बसला. नेमकी तेव्हाच त्यांची स्वतःची कविता होती. जिच्यावर लिहिली ती सॉफ्टवेअरवाली समोर बसलेली, आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं. आज कळावं, एवढीच ताईंची इच्छा. हे त्यांनी माझ्या कानात खरखरत सांगितलं आणि कागद हातात दिला.

कविता एवढीशीच:

गाडीतळावर मी कितीतरी वेळ थांबले.
तू उतरलीस,
आणि मी म्हटलं, सहज आले होते.

मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि झोकात वाचलं, "...मी कितीतरी वेळ थांबलो... सहज आलो होतो."

जीभच तशी वळली हो! जन्मभर येतो-जातो म्हणणारी जीभ.

टाळ्या पडल्या. एक काकू म्हणाल्या, "कोण रे ती?" ताई हातवारे करत होत्या. मला वाटलं, खूश आहेत. मी वाकून नमस्कारही केला.

तेवढ्यात सॉफ्टवेअरवालीने मला गॅलरीत ओढलं. रोज हडपसरच्या गाडीतळावर ती बसमधून उतरायची तेव्हा मी तिथेच चहा पीत उभा असायचो, त्यामुळे तिचा हिशोब पक्का जुळला होता.

"हे बघ, तू गोड आहेस. पण मला मुलं आवडत नाहीत, ओके?"

"अवो, मी कायले थांबतो!" घाबरलो की माझं गाव तोंडात येतं. "मी नाही थांबलो! थांबले! म्हणजे मी नाही थांबले, ताई थांबल्या!"

ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी ती सहज नव्हती आली?"

"हडपसरला सहज कोण येतं, मॅडम?"

ती जी खुदकन हसली, ती तशीच आत गेली आणि ताईंच्या शेजारी, अगदी खेटून बसली. ताईंचे कान लाल. माझंही काम झालं म्हणून मी चहाकडे वळलो, तर ताईंनी माझा कान धरला. ओरडायला आवाज नव्हता. म्हणून त्या कुजबुजल्या, "मी सांगते ते मोठ्याने म्हण. माझ्या आवाजात."

मग भर गटासमोर, ताईंच्या आवाजात, मीच मला झापलं:

"गाढवा! वर्षभर घसा फोडून सांगतेय, मिशा चिकटवू नका. तू तर वाचता वाचता चिकटवल्यास! त्याही स्वतःच्या, ज्या तुला अजून धड फुटलेल्याही नाहीत! हसू नकोस! आणि मी एवढं नाकात बोलत नाही!"