डोंगराचा पासपोर्ट फोटो

माझी आत्या फोटोवाली. सगळं गावच तिला आत्या म्हणतं, त्यामुळे सख्खी भाची असूनही माझ्या वाट्याला ती जेमतेमच येते. तिच्या स्टुडिओत एक खुर्ची, एक पांढरा पडदा आणि तिची आरडाओरड. "हनुवटी वर! दोन्ही कान दिसू द्या!" समोरचा माणूस खांबासारखा ताठ झाला की ती एक फोटो काढते आणि "झालं!" म्हणते. माणूस सुटकेचा निःश्वास टाकून खांदे सैल सोडतो, आणि तेवढ्यात आत्या गुपचूप दुसरा काढते. पहिला फोटो सरकारी कागदाला चिकटतो, दुसरा घरी भिंतीवर लागतो.

यंदा तिच्या डोक्यात डोंगर शिरला. बसस्टँडवर भिंतभर फोटो लागणार होता, आणि स्टँडचे साहेब कुठल्याशा परदेशी बर्फाच्या शिखराचं चित्र मागवायला निघाले होते. आत्या खवळली.

"घरचा डोंगर दारात उभा, आणि भिंत पाहुण्याला?"

"आत्या, तो खिडकीतून फुकट दिसतो," साहेब म्हणाले. "बघून बघून डोळे विटलेत. वेगळं काही असेल तर शुक्रवारपर्यंत आणा."

मग काय! शेजारच्या सलूनवाल्याचं उंच स्टूल उसनं घेऊन आम्ही दोघी रोज माळावर. फोटो मात्र सगळे सारखेच. डोंगर बरोबर मध्ये, मागे पांढरं आकाश, दोन्ही खांदे समान.

"आत्या, तू ह्याचा पासपोर्ट फोटो काढलायस गं! कुठे निघालाय हा?"

आधी तिनं डोळे वटारले. मग इतकी हसली, इतकी हसली की तिला उचकी लागली.

शुक्रवारी सकाळीही स्टुलावर चढून ती डोंगराला "हनुवटी वर!" म्हणालीच. जित्याची खोड, दुसरं काय! शेवटी तोंड पाडून आम्ही स्टूल परत करायला सलूनमध्ये शिरलो. खुर्चीत साक्षात साहेब, दोन्ही गाल फेसानं माखलेले. सलूनवाल्यानं एका गालावरून वस्तरा फिरवला आणि म्हणाला, "झालं."

साहेबांनी खांदे सैल सोडले, मान वर केली. समोरच्या आरशात मागचं उघडं दार दिसत होतं आणि दारात अख्खा डोंगर, कोवळ्या उन्हात न्हालेला. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले, तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखे. "झालं" ऐकल्यावर आत्याचा हात थोडाच थांबतोय! खटकन आवाज झाला, आणि आरशातले साहेब आणि डोंगर एकाच फोटोत आले.

दुपारी फोटो घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. "आरसा माझा आहे," म्हणत सलूनवालाही आला. अर्ध्या फेसातला हा चेहरा साहेब भिंतीवर लावू देणार? आता आपली धिंड निघणार, असंच मला वाटलं.

साहेबांनी फोटो खिडकीजवळ नेऊन निरखला. फेसावरून सरकत त्यांचं बोट फोटोतल्या स्वतःच्या डोळ्यांपाशी थांबलं.

"मी... असा बघतो त्याच्याकडे?"

"रोज, साहेब," सलूनवाला म्हणाला. "म्हणून तर दुसरा गाल सुरू करायला मला एवढा वेळ लागतो."