ओव्हर अँड आउट आणि नवऱ्याचे मामा

दोष काकांचा होता. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडे बघायचं नाही.

ही फजिती सुरू कुठून करू? आमच्या पत्त्यापासूनच करतो. ग्वाल्हेर, लष्कर, कंपूजवळ. लष्कर म्हणजे फौज, कंपू म्हणजे फौजेचा कॅम्प. फौज गेली, शब्द राहिले. आमचे पूर्वज दख्खनहून तलवार घेऊन आले, आमच्याकडे फक्त तोंड उरलं. त्यात काकांचं सगळ्यात मोठं. ते जन्मभर मुरार छावणीत होते, असं घरात म्हणतात. जेवण म्हणजे रसद, भाजी आणणं म्हणजे मिशन, आणि काकूसमोर गप्प बसले की ती माघार नाही बरं, रणनीती!

मी बी.एस्सी. सोडून घरी पडलो होतो. दिवसभर मोबाइलवर लढाईचा गेम, शेजारी काका पेपर वाचत. शेवटी बाबांनी दम दिला: ही सिक्युरिटीची नोकरी टिकव, नाहीतर परत कॉलेज. परत? त्या बाकावर? मेलो तरी जाणार नव्हतो. नोकरी पक्की करूनच घरी यायचं, ठरलं.

एजन्सी एका रिटायर्ड सुभेदारसाहेबांची. ट्रायल एका मॅरेज गार्डनमध्ये, लग्नाला. काम सोपं, वॉकीटॉकीवर गार्डांना सूचना द्यायच्या. निघताना काकांनी खांद्यावर हात ठेवला.

"साधं बोललास तर सिव्हिलियन समजतील. पाहुणा नाही, टार्गेट म्हणायचं. शेवटी 'ओव्हर अँड आउट', आणि लगेच सेट बंद. खरा फौजी त्यानंतर ऐकत बसत नाही."

वरात आली. मुलीच्या वडिलांनी हात जोडून सांगितलं, नवऱ्याचे मामा जरा रुसके आहेत, त्यांना मानानं स्टेजपर्यंत न्या. एवढंच. मी सेट उचलला.

"गेट टू, टार्गेट लाल साफे में. चारों तरफ से कव्हर दो, सिर नीचे, दौडाते हुए स्टेज तक. ओव्हर अँड आउट."

आणि सेट बंद.

गार्ड म्हणजे बिर्ला नगरची पोरं, माझ्याच वयाची, तोच गेम खेळून मोठी झालेली. 'आउट' ऐकताच त्यांनीही सेट बंद केले, एकानंही 'का' विचारलं नाही. चौघांनी मामांची मान दाबली आणि धावत सुटले. बँड थांबला. कोणीतरी म्हणालं, मामाला पोलिसांनी धरलं. चाटच्या ठेल्यापर्यंत बातमी गेली तेव्हा मामांवर फसवणुकीची केस होती, आइस्क्रीमपर्यंत पोचली तेव्हा दरोड्याची. मुलीचे वडील मुलाच्या वडिलांना कोपऱ्यात विचारतायत, हे आधी का नाही सांगितलं? मुलाकडचे म्हणतायत, वरात परत नेतो.

सुभेदारसाहेब सेटवर जीव तोडून 'रुको, रुको' करत होते म्हणे. मी कसा ऐकणार? माझा सेट फौजी पद्धतीनं बंद!

ते धापा टाकत आले. आधी मामांचे पाय धरले, वरात थोपवली, मग माझ्याकडे वळले. आवाज अगदी हळू.

"बेटा, 'ओव्हर' माने अब तू बोल. 'आउट' माने बात खतम. दोनों साथ में सिर्फ पिक्चरवाले बोलते हैं. किसने सिखाया?"

"काका ने. फौज में थे."

"फोन लगा."

स्पीकरवर लावला. साहेबांनी पलटण विचारली. काका बराच वेळ खोकले. मग कबूल झाले की होते छावणीतच, म्हणजे छावणीच्या गेटाबाहेर, वर्दी शिवायच्या दुकानात. म्हातारा जन्मभर आमच्या घराला सलाम ठोकायला लावत होता!

मी भडकलोच. "मग हे 'ओव्हर अँड आउट' आणलंत कुठून?"

"कुठून म्हणजे? तूच तर दिवसभर माझ्या कानाशी ओरडायचास आणि मोबाइल बंद करायचास. मला वाटलं, पोराला माहीत असेल."

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. सध्या मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. परत.