कोंबड्यांना दिलेला शब्द

आमच्या भागात तेव्हा बाईनं कोंबडं कापायचं नाही, अशी रीत होती. रांधायचं तिनं, वाढायचं तिनं, तळाशी उरलेला रस्सा पुसून खायचा तोही तिनंच. सुरी मात्र बाप्याच्या हाती. घरी पुरुष नसला तर बाई काखेत कोंबडं धरून दारात उभी राही आणि रस्त्यानं जो कोणी जाईल त्याला हाक मारी. त्याला कापता येतं का, हे कोणी विचारत नसे. माझं माहेर वरवट बकालचं. माझ्या आईनं एकदा असाच पोस्टमन थांबवला होता. त्या बिचाऱ्यानं जन्मात पाकिटाशिवाय काही कापलं नसावं. अर्ध्या कापलेल्या मानेचं ते कोंबडं त्याच्या हातून सुटून छपरावर चढलं आणि आम्ही भावंडं हसून लोळलो. त्या हसण्याची लाज वाटायला मला लग्न होऊन देऊळघाटला यावं लागलं.

लाज वाटायला लावणारा माणूस म्हणजे माझे सासरे, उकंडराव. मी त्यांना मामाजी म्हणत असे. १९६३ साली मी त्या घरात आले. विहिरीखाली थोडी जमीन, तिच्यात वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. माणूस बुटका, तोंडाचा तिखट. माणसांवर खेकसायचे आणि बैलांशी हळू बोलायचे. आमच्या आळीतल्या कोणाकडेही कोंबडं कापायचं असलं की ते मामाजींकडे यायचं. घेत काही नसत. चहा मात्र दोन कप लागायचा, कारण काम त्यांच्या पद्धतीनं व्हायला वेळ लागायचा.

लोक यायचे ते कोंबडीचे पाय बांधून, तिला उलटी लटकवत. आधी आणणाऱ्याचीच खरडपट्टी निघे. "तुले घटकाभर उलटा टांगतो, मंग सांग कसं लागते," असं ते भल्याभल्यांना सुनवायचे. मग पाय सोडून कोंबडी टोपल्यात ठेवायची, वर पोतं टाकायचं आणि टोपलं सावलीत सरकवायचं. अंधारात तिची धडधड कमी होईपर्यंत चहा. प्रत्येक वेळी सुरी नव्यानं दगडावर घासायची. कापायची जागा गोठ्यामागे, भिंतीआड. एकीचं मरण दुसरीला दिसता कामा नये. काखेत धरायची, तळवा तिच्या डोळ्यांवर, आणि एकच हात. त्यानंतर पंख धरून ते बसून राहायचे. लोकांना घाई असे, पातेल्यात पाणी उकळत असे, पण हे हलायचे नाहीत. शेवटी तिच्या डोळ्याला बोट लावायचे. पापणी मिटली, नुसती थरथरली, तरी थांबायचं. काहीच हाललं नाही की म्हणायचे, "गेली. आता घाला पान्यात."

हे सगळं त्यांना कोणी शिकवलं, मी विचारलं होतं. ते म्हणाले, कोंबड्यांनी.

१९६६ साली पंचायत समितीच्या योजनेतून मला पन्नास पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या मिळाल्या. गावात त्यांना सरकारी कोंबड्या म्हणत, आणि गावठी कोंबड्यांपुढे त्या खरोखरच सरकारी कारकुनासारख्या वाटायच्या: स्वच्छ, एका ओळीत आणि सारखी तक्रार करणाऱ्या. मी त्यांच्यासाठी जीव टाकला. त्या घरातलं माझं स्वतःचं म्हणावं असं ते पहिलंच काही होतं. पण अंडी द्यायच्या थांबलेल्या कोंबड्या पोसता येत नाहीत, त्या कापायला जातात, हे योजनेच्या कागदावर कोणी लिहिलं नव्हतं. पहिल्या पाच जणींची वेळ आली तेव्हा मी खुराड्याशी बसून रडले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सुभद्राबाई, म्हणाल्या की कोंबडीसाठी रडणारी सून आपण पहिल्यांदाच पाहिली. मामाजी माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले.

"मरन तं टयत नाही, रुख्मिणी," ते म्हणाले. "पन तुही एकबी कोंबडी माह्या हातून वाईट जानार नाही. शबद देतो."

सुनेला शब्द देणारा सासराही मी पहिल्यांदाच पाहत होते. मी डोळे पुसले आणि टोपलं आणायला गेले.

त्या दिवसांत समितीचे जनावरांचे डॉक्टर तपासणीला येत. त्यांनी एकदा ओट्यावर बसून सांगितलं की परदेशात मोठाल्या कारखान्यांत कोंबडीला आधी विजेचा झटका देतात, ती बेशुद्ध पडते आणि मग कापतात, म्हणजे तिला कळतच नाही. आमच्या विहिरीवर अजून वीज यायची होती. मामाजींना ती गोष्ट मनापासून आवडली. मात्र त्यांनी विचारलं की ती खरंच बेशुद्ध झाली की नाही, हे बघायला तिथे कोणी उभं असतं का. डॉक्टर म्हणाले, विचारून सांगतो. भला माणूस, त्यानं पुढच्या फेरीत आठवणीनं सांगितलं की हो, बघणारा माणूस नेमलेला असतो. मामाजींनी मान डोलावली. त्या माणसानं डोळे सांभाळावेत, असा उलट निरोप त्यांनी दिला.

आणि डोळे गेले ते त्यांचेच.

मला आधी कळलं ते मेथीच्या जुड्यांवरून. जुडीत गवत निघू लागलं. मग ते सुरीची धार डोळ्यांनी बघायचं सोडून अंगठ्यानं चाचपू लागले. मी एकदा आडून विचारलं, तर माझ्यावर असे खेकसले की मी पुन्हा नाव काढलं नाही. मोतीबिंदू होता. त्यांना तो ठाऊक होता, मला ठाऊक होता, आणि आम्ही दोघं एकमेकांपासून तो लपवत होतो. ही माझी चूक. शब्द त्यांनी दिला असला तरी कोंबड्या माझ्या होत्या.

१९६९ सालची पोळ्याची कर उजाडली. श्रावणभर मांस-मच्छी बंद, पोळ्याला पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी घरोघरी वशाट शिजणार म्हणजे शिजणार. महिनाभर जिभेला लगाम घातलेले लोक सकाळपासून आमच्या अंगणात जमले. टोपल्यांची रांग लागली. त्यात सहा पांढऱ्या कोंबड्या माझ्या होत्या, गावातल्याच घरांनी घेतलेल्या. मामाजी भिंतीआड कापत होते आणि मी चुलीवरच्या पातेल्याशी बसून पिसं काढत होते.

चौथी पांढरी कोंबडी त्यांनी माझ्याकडे दिली. "गेली," म्हणाले. मी तिला पाण्यात सोडलं आणि त्या उकळत्या पाण्यात तिनं पंख मारला.

मी तिला तशीच हातानं बाहेर ओढली. माझं मनगट भाजलं, तो डाग अजून आहे. मी ओरडले नाही, पण मामाजींना ऐकू आलं होतं. चाचपडत येऊन त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि तिथल्या तिथे सुरी फिरवून तिला सोडवली. मग खाली बसून तिच्या डोळ्यावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ ते काढलंच नाही. मला तेव्हा समजलं. पापणी हालते की नाही, हे त्यांना दिसतच नव्हतं. बोट लावायचं नि अंदाजानं बोलायचं, असं कोण जाणे किती दिवस चाललं होतं.

ते उठले आणि अंगणात जाऊन लोकांना म्हणाले की आपापल्या कोंबड्या घेऊन जा, आज इथे काही होणार नाही. शेजारचे नारायणराव तर चिडलेच. पाहुणे घरी येऊन बसले होते त्यांच्या. पण मामाजींनी सुरी पाण्यानं धुतली, फडक्यात गुंडाळली आणि आत नेऊन ठेवली. दोन दिवस ते धड जेवले नाहीत.

मग सुरी कोणाला द्यायची, याचा शोध सुरू झाला. माझे यजमान शालिग्राम शाळामास्तर. माणूस सोन्यासारखा, पण रक्त बघितलं की भिंत धरायचे. मामाजींनी नारायणरावांना शिकवून पाहिलं. नारायणराव कापताना गप्पा मारत, कापून झालं की कोंबडी जमिनीवर सोडून देत आणि ती तडफडत असताना पुढच्या कोंबडीकडे हात घालत. मामाजी आवाजावरूनच सगळं ओळखून परत आले. त्यांच्यापाशी शिकवायला सगळं होतं आणि घेणारा बाप्या गावात मिळत नव्हता.

आठवडाभरानं एका दुपारी त्यांनी मला गोठ्यामागे बोलावलं. फडकं सोडून सुरी माझ्यापुढे धरली. आत्याबाई मागोमाग आल्याच. बाईच्या हातचं कोंबडं घराला बाधतं, लेकराबाळांचं घर आहे, हे त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मामाजींनी ऐकून घेतलं.

"माह्या डोयानं दगा देल्ला," ते म्हणाले. "हिचे डोये साबूत हायेत. कोंबडीले बाई-बाप्या समजत नाही, सुभद्रे, धार समजते."

आत्याबाई पदर झटकून निघून गेल्या. मी माझीच एक पांढरी कोंबडी टोपल्यातून काढून काखेत धरली. मामाजी माझ्यामागे बसले, माझ्या हातावर त्यांचा खडबडीत हात ठेवला आणि एकदाच, कुठे आणि किती, ते दाखवलं. झालं. आम्ही दोघांनी पंख धरून ठेवले. मग त्यांनी माझं बोट घेऊन कोंबडीच्या डोळ्यावर नेलं.

"पापनी हालली का?"

"नाही."

"घाई नोको करू. अजून एकबार पाय."

मी पाहिलं. नव्हती हालली. मी म्हणाले, "गेली, मामाजी." त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला रडू आलं.

पुढची जवळजवळ दोन वर्षं गावातून एकही टोपलं आलं नाही. विहिरीवर बाया माझ्याकडे बघून पदराआड हसायच्या. लोक नारायणरावांकडे जायचे, तडफडलेलं आणायचे, पण बाईच्या हातचं नको. माझ्या स्वतःच्या कोंबड्या तेवढ्या मी कापत होते, एकेक, भिंतीआड, सगळं सांगितल्याप्रमाणे. मामाजी शेजारी बसून दर वेळी तोच प्रश्न विचारत आणि मी दोनदा बघून उत्तर देई. आत्याबाईंनी माझ्या हातची कोंबडी खाणार नाही म्हणून पण केला होता. रस्सा मात्र चालायचा.

१९७१ च्या उन्हाळ्यात बुलढाण्याला डोळ्यांचं शिबिर भरलं. यजमानांनी मामाजींना जवळजवळ उचलूनच नेलं. ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी सुटली, आणि जाड भिंगांचा चष्मा लावून ते घरी आले. पहिल्या दिवशी त्यांनी मेथीची एकेक जुडी सोडून तपासली आणि गवत सापडलं नाही म्हणून माझ्याकडे संशयानं बघितलं. मी इतकी हसले की चुलीवरची भाकरी करपली.

ही बातमी गावभर झाली, आणि त्या वर्षीच्या करीला अंगण पुन्हा भरलं. सगळ्यांत पुढे नारायणराव. एवढं मात्र सांगायला हवं की त्यांनी कोंबडी उलटी लटकवली नव्हती, काखेत घेऊन आले होते. "उकंडराव, तुमाले दिसाले लागलं, आता आमची चिंता मिटली," ते म्हणाले.

मी आत गेले. सुरी घासून ठेवलेलीच होती. ती आणून मामाजींपुढे ठेवली. त्यांचीच होती ती. खरं सांगते, मला ती ठेवताना जड गेलं. जे काम मी कधी मागितलं नव्हतं, ते सोडताना मला वाईट वाटत होतं, आणि हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

मामाजींनी सुरी उचलली. भिंगातून धार पाहिली, अंगठ्यानंही पाहिली. माझ्या भाजलेल्या मनगटावर त्यांची नजर थांबली. तो डाग त्यांना इतका नीट त्याआधी कधी दिसलाच नव्हता. मग ते अंगणाकडे वळले.

"मले दिसते आता, म्हनूनच सांगतो," ते म्हणाले. "हिचा हात माह्याहून साफ हाय. ज्याले कोंबडी कापून पायजे त्यानं हिले सांगा. ज्याले नोको, त्यानं चहा पिऊन घरी जा."

नारायणराव एकदा टोपल्यांच्या रांगेकडे बघत राहिले, एकदा आपल्या काखेतल्या कोंबडीकडे. घरी पाहुणे वाट बघत असणार. शेवटी ते पुढे आले, कोंबडी टोपल्यात ठेवली आणि स्वतःच वर पोतं ओढलं. "सूनबाई, जरा लवकर पाय व," एवढंच म्हणाले. लवकर काही होणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी मी चौदा कोंबड्या कापल्या. मामाजी भिंतीआड माझ्यासमोर बसले. प्रत्येकीच्या डोळ्याला बोट ते लावायचे आणि चष्मा डोळ्यांशी घट्ट धरून इतक्या जवळून बघायचे, की नाकाला पीस लागायचं. चौदाही वेळा म्हणाले, "गेली."

दुपारी आत्याबाईंनी ताटं वाढली. स्वतःच्या ताटात त्यांनी रश्शाबरोबर दोन फोडीही घेतल्या, आणि आमच्यापैकी कोणीही त्याबद्दल बोलायचं नाही, हे डोळ्यांनी बजावलं. जेवून मी ओट्यावर हात धूत होते. मामाजी पाणी घालत होते, माझ्या हातावर, सासरा असून. मी अवघडून तांब्या मागितला, पण त्यांनी दिला नाही.

"शबद म्या देल्ला होता तुह्या कोंबड्याइले," ते म्हणाले. "तो पुरा तू केला."

मामाजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी मला शेत दिलं नाही, दागिना दिला नाही. एक सुरी दिली आणि थांबायला शिकवलं. मी अजूनही पापणी दोनदा पाहते.